भूक लागावी म्हणून : मराठी ख्रिस्ती घरांतील वाचनाचा आणि प्रार्थनेचा नेम

नवी मुंबईतल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांत गेली काही वर्षे मी एक साधा प्रश्न विचारत आले आहे. बायबल रोज वाचता का, आणि वाचत असाल तर केव्हा? यांतली बहुतेक घरे बाहेरून आलेली. सिडकोची स्थापना १९७० सालची. मानखुर्दहून खाडी ओलांडून वाशीपर्यंत रेल्वे आली ती १९९२ साली. त्यानंतरच्या वर्षांत अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), जालना, कोल्हापूर, वसई अशा ठिकठिकाणची माणसे नोकरीनिमित्त नेरूळ, कोपरखैरणे, कामोठे, पनवेल या भागांत येऊन राहिली. त्यांत कोणी प्रोटेस्टंट, कोणी कॅथलिक. मला मिळालेली उत्तरेही या शहराच्या घडणीसारखीच आहेत. पनवेलहून सीएसएमटीला सव्वा तास प्रवास करणारा म्हणतो, बसायला जागा मिळाली तर मोबाइलवर एखादा अध्याय होतो. ऐरोलीच्या आयटी पार्कात रात्रपाळी करणारी मुलगी म्हणते, सकाळची प्रार्थना मी झोपायला जाताना करते. आणि पुष्कळजण, विशेषतः चाळिशीच्या आसपासचे, जरा थांबून सांगतात की पूर्वी रोज वाचन व्हायचे, पण आता मन लागत नाही.

हे शेवटचे उत्तर मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. वेळ नाही ही तक्रार सगळेच करतात. पण वेळ मिळाला तरी मन लागत नाही, म्हणजे भूकच राहिलेली नाही. पाळकांच्या प्रवचनांत आणि फादरांच्या उपदेशात हाच शब्द येतो : वचनाची भूक. ती असावी असे सगळे सांगतात. ती नसेल तर काय करावे, हे मात्र क्वचितच कोणी सांगते. शरीराची भूक मुद्दाम लावून घ्यावी लागत नाही. न खाल्ले की ती आपोआप लागते. शास्त्राच्या आणि प्रार्थनेच्या बाबतीत उलट घडते. जो खात नाही त्याची भूक मरते आणि जो थोडे थोडे का होईना रोज खातो त्याला ती लागते. मराठी ख्रिस्ती समाजाच्या चारशे वर्षांच्या इतिहासात या उलट्या नियमाची फार बोलकी उदाहरणे सापडतात. ती एकत्र मांडून पाहावीत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

एका दिवसापुरता मान्ना

ख्रिस्ती प्रार्थनेत भुकेची प्रतिमा आली ती यहुदी शास्त्रातून. इस्राएली लोक मिसर सोडून रानात भटकत असताना त्यांना आकाशातून मान्ना नावाचे अन्न मिळे, अशी निर्गम या पुस्तकात कथा आहे. त्या अन्नाची अट अशी की ज्याने त्याने त्या दिवसापुरतेच गोळा करायचे. हावरटपणाने साठवून ठेवलेल्या मान्नात दुसऱ्या दिवशी किडे पडत. फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशी दोन दिवसांचे घेण्याची मुभा होती. येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेत महिन्याच्या किंवा वर्षाच्या धान्याची मागणी नाही, त्या दिवसाच्या भाकरीची आहे. या प्रार्थनेमागे मान्नाची ही आठवण उभी आहे. आमोस या संदेष्ट्याच्या पुस्तकात तर असा दुष्काळ सांगितला आहे, ज्यात अन्नपाण्याची टंचाई नसेल, पण देवाचे वचन ऐकण्यासाठी माणसे दारोदार हिंडतील आणि ते त्यांना मिळणार नाही.

शास्त्राचे मनन करण्यासाठी पहिल्या स्तोत्रात जे हिब्रू क्रियापद आले आहे, त्याचा मूळ अर्थ पुटपुटणे, गुरगुरणे असा आहे. यशयाच्या पुस्तकात शिकारीवर बसून गुरगुरणाऱ्या सिंहासाठी तेच क्रियापद वापरले आहे. म्हणजे मनन ही डोळे मिटून मनातल्या मनात करायची गोष्ट मुळात नव्हती; ती तोंडाने, आवाजाने करायची होती. पुढे युरोपातल्या मठांत लॅटिन भाषेत या क्रियेला सरळ रवंथ म्हणू लागले. बाराव्या शतकात दुसरा गिगो नावाचा कार्थुसियन मठाधिपती होऊन गेला. त्याने वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान अशा चार पायऱ्यांची शिडी सांगितली आणि ती जेवणाच्या भाषेत समजावली. वाचन म्हणजे घास तोंडात घेणे, मनन म्हणजे तो चावणे, प्रार्थनेने त्याची चव कळते आणि ध्यान म्हणजे तो गोडवाच. पारायण, नामजप, हरिपाठ या शब्दांवर वाढलेल्या मराठी वाचकाला हे समजायला जड जाऊ नये.

याचा एक पुरावा आमच्या शेजारीच आहे. कोकणातले बेने इस्राएल यहुदी शेकडो वर्षे आपल्या इतर धर्मबांधवांपासून तुटलेले होते. त्यांच्याजवळ ग्रंथ नव्हते, रब्बी नव्हते. समाजाची परंपरा सांगते की शब्बाथ, सुंता, काही सण, खाण्यापिण्याचे नियम आणि ‘शमा’ ही प्रार्थना एवढ्यावर त्यांनी आपला धर्म टिकवला. बसता-उठता, वाटेने चालता, निजता-जागता हे शब्द मुलांना शिकवावेत, अशी आज्ञा त्या प्रार्थनेतच आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात मराठी आणि हिब्रू पुस्तके हाती येताच या समाजाने ज्या ओढीने ती वाचली, तिचे मूळ या रोज म्हटलेल्या काही ओळींत आहे. पनवेलच्या सभास्थानावरून जाताना मला हे नेहमी आठवते. ग्रंथ हरवला तरी नेम टिकला होता, म्हणून ग्रंथ परत आला तेव्हा त्याची भूक शिल्लक होती.

पुराण मागणारे लोक

मराठीत वचनाची भूक पहिल्यांदा शब्दबद्ध झाली ती फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’त. स्टीफन्स हे इंग्लंडात जन्मलेले जेझुइट धर्मगुरू. ते १५७९ साली गोव्यात आले आणि त्यांच्या आयुष्याचा बराच काळ साष्टीत गेला. तिथे राहून ते इतके मराठी शिकले की सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ त्यांनी रचला. तो १६१६ साली राशोल येथे छापला गेला. देवनागरी खिळे नसल्यामुळे छपाई रोमन लिपीत झाली. पहिल्या पुराणात जुना करार, दुसऱ्यात येशूचे चरित्र, आणि अध्यायांना नाव ‘अवस्वरू’.

या ग्रंथाच्या आरंभीच एक प्रसंग आहे. नव्याने ख्रिस्ती झालेला साष्टीचा एक ब्राह्मण पाद्रीगुरूंना विचारतो की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्ही वाचावे काय? प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षण त्याला मिळालेले आहे, प्रार्थना पाठ आहेत. पण फावल्या वेळी चार माणसांत बसून वाचावे, ऐकावे असे काही नाही, याची त्याला खंत आहे. ग्रंथाचा जन्म या मागणीतून झाला, असे स्टीफन्स दाखवतात.

या मागणीकडे भोळेपणाने पाहून चालणार नाही. साष्टीत त्या आधीच्या दशकांत देवळे पाडली गेली होती, १५८३ साली कुंकळ्ळीला पाच जेझुइट धर्मगुरू मारले गेले होते आणि त्यानंतर सूडही घेतला गेला होता. त्या ब्राह्मणाची भूक ही ज्यांच्यापुढचे ताट काढून घेतले आहे अशा माणसाची भूक होती. तरीही त्याच्या बोलण्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. सिद्धांत आणि पाठांतर हे धर्माचे सांगाडे आहेत. माणसाला रोज कथा लागते, लय लागते, सोबत ऐकणारे लागतात. पुराणश्रवणाची सवय त्याच्या अंगात आधीपासून मुरलेली होती. म्हणूनच त्याला उणीव जाणवली. ज्याला अशी सवयच नसती, त्याने मागणीही केली नसती. स्टीफन्स यांनी हे ओळखले आणि त्याच्या ओळखीच्या ओवीतच नवे अन्न वाढले.

पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेच्या वापरावर बंदी घालणारा हुकूम काढला. ‘क्रिस्तपुराणा’च्या १६१६, १६४९ आणि १६५४ या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज मिळत नाही. पण लोकांनी हाताने उतरवून घेतलेल्या प्रती गोव्यात आणि मंगळूरकडच्या ख्रिस्ती घरांत राहिल्या. त्यांच्याच आधारे १९०७ साली मंगळूरहून जे. एल. साल्ढाना यांनी ग्रंथ पुन्हा छापला. उपवासकाळात तो मोठ्याने गायला जाई, म्हणूनच त्याच्या प्रती कोणी ना कोणी उतरवत राहिले.

भूक म्हणजे काय हे ठाऊक असलेली बाई

वचनाची भूक हा शब्दप्रयोग सहज करता येतो. पोटाची भूक ज्यांनी जवळून पाहिली, त्यांच्या आयुष्यात तो कसा उतरला हे पाहायचे तर पंडिता रमाबाईंकडे वळावे लागते. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे तीर्थक्षेत्रांच्या ठिकाणी पुराणे वाचून कुटुंबाचा चरितार्थ चालवीत. आईने लहानपणीच त्यांना संस्कृत शिकवले, भागवत पाठ करून घेतले. मद्रास इलाख्यातल्या १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण उपासमारीने गेली. रमाबाई आणि त्यांचा भाऊ श्रीनिवास पायी भटकत १८७८ साली कलकत्त्याला पोहोचले.

तिथे त्यांना भेट म्हणून संस्कृत बायबल मिळाले. संस्कृतावर एवढे प्रभुत्व असलेल्या रमाबाईंना ते वाचवेना. ती भाषा आपल्या ओळखीच्या संस्कृतासारखी नाही, शिकवणही परकी, हे वाचणे म्हणजे वेळ दवडणे, असे तेव्हा त्यांना वाटले. हे त्यांनी स्वतःच पुढे १९०७ साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात सांगितले आहे. नंतर विवाहानंतर सिल्चरला असताना घरातल्या पुस्तकांत त्यांना बंगाली भाषेतले लूकचे शुभवर्तमान सापडले. ते तिथे कसे आले हे त्यांनाही ठाऊक नव्हते. ते मात्र त्यांनी आवडीने वाचले. एकाच धर्मग्रंथाचे दोन अनुवाद, वाचणारी व्यक्तीही एकच. पण एकाने भूक मारली आणि दुसऱ्याने जागी केली.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. गोष्ट इथे संपत नाही. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, हे आपल्याला बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी कळले, असे त्या म्हणतात. या आठ वर्षांत त्या अमेरिकेत गेल्या, मुंबईत १८८९ साली शारदा सदन उघडले, पुण्यातल्या सुधारक आणि सनातनी अशा दोन्ही बाजूंची टीका सोसली. वाचन, प्रार्थना, उपासना त्यांनी सोडली नाही. ओढ नंतर आली. तोवर नेमाने वाट धरून ठेवली होती. उपदेशाच्या पुस्तकांत हा क्रम बहुधा उलटा सांगितलेला असतो : आधी उत्कट अनुभव, मग शिस्त. रमाबाईंचा अनुभव निराळा आहे.

१८९६–९७ आणि १८९९–१९०० या दोन मोठ्या दुष्काळांत त्यांनी मध्य प्रांतातून आणि गुजरातेतून शेकडो मुली, विधवा केडगावच्या मुक्ती सदनात आणल्या. तिथे आधी विहिरी खोदल्या, शेती केली, कोंड्याचे मांड्यात करून जेवण घातले. त्या काळच्या वृत्तांतांप्रमाणे १९०५च्या आरंभी त्यांनी पहाटेच्या प्रार्थनेसाठी स्वयंसेविका मागितल्या तेव्हा सुमारे ७० जणी पुढे आल्या आणि काही महिन्यांत त्यांची संख्या पाचशेवर गेली. त्या वर्षी जूनअखेरीस मुक्तीत जे धार्मिक पुनरुज्जीवन झाले, त्याची नोंद जगभरच्या ख्रिस्ती इतिहासात घेतली जाते. त्यातल्या उत्कट प्रसंगांची वर्णने पुष्कळ झाली आहेत. मला त्याआधीच्या पाच-सहा महिन्यांच्या पहाटा अधिक महत्त्वाच्या वाटतात.

आयुष्याची शेवटची जवळजवळ दोन दशके रमाबाईंनी बायबलच्या मराठी अनुवादाला दिली. उपलब्ध मराठी बायबल खेड्यातल्या बायकांना कळत नाही, त्यातले संस्कृतप्रचुर शब्द त्यांच्या डोक्यावरून जातात, हे त्यांना रोज दिसत होते. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. छपाई मुक्तीतच झाली. खिळे जुळवण्याचे काम तिथल्या मुलींनी शिकून घेतले. अक्षरओळखही नसलेल्या ज्या मुली दुष्काळातून आल्या होत्या, त्यांच्यातल्या काहींच्या बोटांखालून संपूर्ण बायबल एकेक अक्षर करून गेले. १९२१ साली कन्या मनोरमा वारली तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, आणि संपूर्ण बायबल १९२४ साली छापून झाले. ज्या बाईला संस्कृत बायबल वाचवले नव्हते, तिने आपल्या पश्चात कुणा बाईला मराठी बायबल वाचवत नाही असे म्हणावे लागू नये याची तजवीज केली.

गाता येईल असे

नारायण वामन टिळकांच्या हाती नवा करार पडला तो १८९३ साली, राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात. एका अनोळखी युरोपियन सहप्रवाशाने तो दिला, वाचायला सांगितले, प्रार्थना करायला सांगितले. राजनांदगावला टिळक ते पुस्तक वाचत गेले आणि डोंगरावरील प्रवचनाशी येऊन थांबले; तिथून पुढे त्यांचा पाय निघेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंनी तो काही वर्षांनी स्वतःच्या वाटेने घेतला, आणि त्या वाटेची हकिकत ‘स्मृतिचित्रे’मध्ये आहे.

मला इथे टिळकांचे धर्मांतर सांगायचे नाही, त्यांनी नंतर केलेले काम सांगायचे आहे. अहमदनगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती समाजात महार, मांग समाजातून आलेले लोक मोठ्या संख्येने होते आणि त्यांतल्या पुष्कळांना वाचता येत नव्हते. मिशनऱ्यांची गीते इंग्रजी चालींवर बसवलेली. ती रविवारी म्हणायची आणि देवळातच ठेवून घरी यायचे. टिळकांनी अभंग, पदे, भजने लिहिली. ती जात्यावर, शेतात, चुलीपुढे म्हणता येत. मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांच्या रचनांचा मोठा वाटा आहे. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशा अर्थाचे ते म्हणत. वारकरी परंपरेकडून त्यांनी घेतलेली सर्वांत कामाची गोष्ट कोणती, असे मला विचारले तर मी म्हणेन, दिवसभर तोंडात राहील अशी प्रार्थना. गिगोने मठातल्या भिक्षूंना जो रवंथ सांगितला, तो टिळकांनी निरक्षर शेतमजुरालाही शक्य करून दिला.

त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले. ९ मे १९१९ रोजी ते वारले आणि पुढचे बहुतांश अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. लग्नानंतर अक्षरांशी झगडत वाचायला शिकलेली बाई येशूचे चरित्र पद्यात पुरे करते, याला मी साहित्यिक घटना जितकी मानते तितकीच प्रार्थनेच्या इतिहासातली घटना मानते.

मन लागत नाही तेव्हा

आता त्या मूळ उत्तराकडे येते. नेम असतानाही मन उडते, त्याचे काय? ख्रिस्ती परंपरेला हा प्रश्न नवा नाही. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या एवाग्रियसने भर दुपारी गाठणाऱ्या एका सैतानाचे वर्णन केले आहे. तो आला की साधकाला सूर्य हलेनासा वाटतो, दिवस पन्नास तासांचा भासतो, तो सारखा खिडकीकडे पाहतो, कोणी भेटायला येते आहे का ते बघतो. खिडकीच्या जागी मोबाइल ठेवला की हे वर्णन आजचे होते.

जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस यांनी आपल्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तिकेत अशा वेळेसाठी अगदी व्यवहारी सल्ला दिला. तासभर प्रार्थनेचा नेम असेल आणि ती कोरडी वाटत असेल, तर तास पुरा होण्याआधी उठू नये. उलट थोडे अधिक बसावे. मदर तेरेसा यांची खासगी पत्रे २००७ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा जगाला कळले की कित्येक वर्षे त्यांना प्रार्थनेत देवाची जवळीक जाणवत नव्हती. तरी त्यांची रोजची प्रार्थना चालूच होती. काहींना यात ढोंग दिसले. मला त्यात चव गेली असतानाही जेवणाची वेळ पाळणारा आजारी माणूस दिसतो.

उलट बाजूचा धोकाही जुन्या लोकांनी ओळखला होता. स्कॉटलंडमधल्या डंडीचे तरुण पाळक रॉबर्ट मरे मॅकचेन यांनी १८४२ साली आपल्या मंडळीसाठी वर्षभरात बायबल वाचून काढण्याचे वेळापत्रक तयार केले. योगायोगाने त्याच वर्षी अहमदनगरला ‘ज्ञानोदय’ सुरू झाले. मॅकचेन यांचे वेळापत्रक आजही जगभर वापरले जाते. त्याच्यासोबत त्यांनी धोकेही लिहून ठेवले होते : वाचन नुसता उपचार होईल, ठरलेला भाग वाचला म्हणून माणूस स्वतःवर खूश होईल, घाईने वाचेल, आणि कोणाला ते जड जोखड वाटेल. आजची मोबाइल ॲप सलग किती दिवस वाचले ते मोजून दाखवतात. शंभर दिवसांची साखळी एका दिवशी तुटली म्हणून वाचनच सोडून दिलेली माणसे मला नवी मुंबईत भेटली आहेत. मान्नाची गोष्ट त्यांच्यासाठीच आहे. कालचे साठवता येत नाही, तसेच काल चुकलेले आज भरूनही काढावे लागत नाही.

शहरातला नेम

प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६ पुस्तके आणि १,१८९ अध्याय आहेत. वर्षात संपवायचे तर रोज तीन-चार अध्याय वाचावे लागतात. रोज एकच अध्याय वाचला तर सव्वातीन वर्षे लागतात. कॅथलिक चर्चमध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा लोकभाषेत आली, शास्त्रवाचनाला उत्तेजन मिळाले आणि वाचनपाठांची नवी मांडणी झाली. रविवारचे पाठ तीन वर्षांच्या फेरीत येतात. रोजच्या मिस्सेचा पाठ घरी वाचला तरी ते एक मोजके ताट असते. मराठीत त्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ आहे. या अनुवादासाठी त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि पुढे २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले.

मी ज्या घरांत नेम टिकलेला पाहिला, तिथे काही गोष्टी सारख्या आढळल्या. वाचन थोडे असते, बहुधा दहा-पंधरा ओव्यांएवढे. ते मोठ्याने होते. ते आधीच्या एखाद्या कामाला जोडलेले असते, म्हणजे चहानंतर, दिवा लावल्यावर किंवा गाडी मानखुर्द सोडून खाडीपुलावर आली की. आणि एकट्याचे असले तरी त्याची कोणाला तरी खबर असते. बहीण विचारते, मित्र फोन करतो. लोकलच्या डब्यात टाळ घेऊन भजन करणाऱ्या मंडळींना या चारही गोष्टी फार आधीपासून माहीत आहेत. ख्रिस्ती माणसाने त्यांच्याकडून शिकायला हरकत नाही. टिळकांनी तेच केले होते.

खरी अडचण भाषेची आहे, आणि ती मला काळजीची वाटते. या घरांतली मुले इंग्रजी शाळांत जातात. आजी रमाबाईंच्या किंवा बायबल सोसायटीच्या मराठीत प्रार्थना करते, आईवडील मंडळीत मराठी आणि मोबाइलवर इंग्रजी वाचतात, नातवंडे इंग्रजी गाणी म्हणतात. ‘नीतिमत्त्व’, ‘समेट’, ‘पापक्षमा’ हे शब्द त्यांना रमाबाईंच्या संस्कृत बायबलइतकेच दूरचे वाटतात. यावर दोन टोकांचे उपाय मी ऐकले आहेत. एक गट म्हणतो, मराठी उपासनेचा हट्ट सोडा. दुसरा म्हणतो, मुलांना मराठीतच प्रार्थना करायला लावा. साष्टीच्या ब्राह्मणाने आणि केडगावच्या मुलींनी शिकवलेला धडा दोघांच्याही पलीकडचा आहे. ज्या भाषेत माणूस जेवायला मागतो, त्या भाषेत त्याला वचनाची भूक लागते. मुलाची ती भाषा इंग्रजी झाली असेल तर त्याने एकट्याने इंग्रजीत वाचावे. पण ताट एकत्र वाढायचे असेल, तर आजीला आणि नातवाला दोघांनाही कळेल अशी एक भाषा घरात हवी. ती भाषा अजूनही साधी मराठीच असू शकते, कारण भूक लागल्याचे तो आजीला अजून मराठीतच सांगतो. रमाबाईंनी जे काम छापखान्यात केले, ते आज प्रत्येक घरात तोंडी करावे लागेल : अडलेला शब्द थांबून सोपा करून सांगणे.

सुरुवात कुठून करावी असे विचारणाऱ्यांना मी स्तोत्रसंहिता सुचवते. ती यहुद्यांची, कॅथलिकांची आणि प्रोटेस्टंटांची सामाईक प्रार्थनेची वही आहे. तिच्यात आनंद आहे, राग आहे, देवाशी भांडण आहे, आणि मन लागत नसल्याची तक्रारही आहे. स्तोत्रे १५० आहेत. रोज एक, मोठ्याने, घरातल्या कोणीही वाचले तर पाच महिने पुरतात. सगळ्यांत लांब एकशे एकोणिसावे. ते आठवडाभर पुरवून वाचले तरी चालेल.